पिंजऱ्यातले ऊन, पिंजऱ्यातली सावली

शॅमेलिऑन हवेवर जगतो, अशी युरोपातल्या पंडितांची दीड हजार वर्षांहून अधिक काळ समजूत होती. पहिल्या शतकातल्या प्लिनीने ती आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आणि पुढचे लेखक ती गिरवत राहिले. त्याच्याही आधी अॅरिस्टॉटलने या प्राण्याचे डोळे, बरगड्या, पाय यांचे बारकाईने वर्णन केले होते; पण चांगल्या वर्णनापेक्षा नवलाची गोष्ट नेहमीच लांबवर जाते. आज आपण हसतो. मात्र गार, अंधाऱ्या खोलीत ठेवलेला शॅमेलिऑन ज्याने पाहिला आहे, त्याला प्लिनीचा फारसा राग येणार नाही. असा प्राणी दिवसचे दिवस काही खात नाही. किडा नाकासमोरून चालत गेला तरी जीभ बाहेर पडत नाही. फांदी धरून बसलेला असतो, डोळे फिरत असतात, रंग जरा मळका. बाकी सगळे ठीकच दिसते. तो मरत असतो, पण फार सावकाश.

या सावकाशपणामुळेच शॅमेलिऑनच्या निवाऱ्याचा आणि प्रकाशाचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. कुत्र्याला दिवसभर पाणी मिळाले नाही तर तो संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यावर चुकीचा दिवा लावला तर महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा हाडे वाकलेली असतात. चूक आणि तिचे फळ यांत इतके अंतर असले की अनुभवाने शिकणे जवळजवळ अशक्य होते. शेजाऱ्याचा सल्ला, दुकानदाराची खात्री, 'माझा तर असाच जगला' ही साक्ष, यांतले काहीच फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून मोजमाप लागते आणि मोजमापाच्या मागची कारणे लागतात. या पुस्तकात ती आहेत. ती समजायला जीवशास्त्राची पदवी नको; शाळेतले विज्ञान आणि थोडा धीर पुरतो.

हा छंद काही आजचा नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या क्लोद पेरो यांनी शॅमेलिऑनच्या शरीररचनेचे वर्णन १६६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच काळात तिथल्या प्रसिद्ध कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी यांच्याकडे इजिप्तहून जिवंत शॅमेलिऑन आले. त्यांनी ते पाळले, रोज पाहिले आणि दोन शॅमेलिऑनांची हकीकत १६८८ मध्ये छापली. देकार्तचे अनुयायी तेव्हा प्राण्यांना यंत्रे ठरवू पाहत होते आणि या बाईंना ते मान्य नव्हते. वादात कोण जिंकले ते बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते हे की पाळलेल्या शॅमेलिऑनवरच्या या जुन्या लेखनात प्राणी स्वतः काही निवडतो का, हा प्रश्न आलेला आहे. पुढे सव्वातीनशे वर्षांनी त्याला एक मोजलेले उत्तर मिळाले. त्याकडे आपण येऊच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून हे प्राणी पाळीव जनावरांच्या व्यापारात मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि मोठ्या संख्येने मेले. १९७२ सालची एक घटना सांगण्यासारखी आहे. हवाईतल्या ओआहू बेटावर कानेओहे इथल्या एका दुकानदाराने केनियाहून जॅक्सन जातीचे शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने ते सुकून गेले होते, म्हणून बरे वाटावे अशा हेतूने त्याने त्यांना घरामागच्या बागेत मोकळे सोडले. ते बरे झाले आणि पसारही झाले. आज हवाईच्या बेटांवर त्यांची प्रजा नांदते आहे आणि तिथल्या स्थानिक गोगलगायी, कीटक त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हा घात झाला, यात शंका नाही. पण ज्या जातीला त्या काळचे पाळणारे पिंजऱ्यात धड वर्षभर जगवू शकत नव्हते, ती एका साध्या परसबागेत सावरली. बागेत तिला काय मिळाले? सकाळचे ऊन, दुपारची सावली, पानावरचे पाणी, रात्रीचा गारवा, आणि यातले कधी काय घ्यायचे ते ठरवण्याची मोकळीक. पिंजऱ्यात हे सगळे दोन-चार घनफुटांत बसवायचे असते.

सुरुवात उन्हापासून करू, कारण बहुतेक प्राण्यांचा घात तिथेच होतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडे अतिनील किरणांचा पट्टा असतो. साधारण २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना यूव्हीबी म्हणतात, त्यावरच्या ४०० पर्यंतच्या लहरींना यूव्हीए. शॅमेलिऑनच्या कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. यूव्हीबी पडला की त्याच्या रेणूतले एक कडे उघडते आणि ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. पुढचे काम उष्णतेचे: अंग ऊबदार असेल तरच हे पूर्वरूप झपाट्याने खऱ्या ड-३ मध्ये पालटते. मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात, आणि जे संप्रेरक बनते ते आतड्याला अन्नातला कॅल्शियम ओढून घ्यायला लावते. या साखळीची पहिली कडी तुटली तर भुकटी लावून कितीही किडे भरवा, कॅल्शियम आतड्यातून तसाच बाहेर जातो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो.

कॅल्शियम मिळाला नाही की शरीर तो हाडांतून काढू लागते. माणसाच्या मुलाला आपण मुडदूस झाला म्हणतो, त्याच घरातला हा रोग. पहिली खूण पायांत दिसते. निरोगी शॅमेलिऑन फांदी चिमट्यासारख्या पंजांनी आवळून धरतो आणि पोट फांदीपासून वर उचलून चालतो. आजारी प्राण्याचे पोट फांदीला टेकू लागते. पुढचा पाय कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, जिथे सांधाच नाही, तिथे वाकलेला दिसतो. मग जबडा. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा लवतो, तोंड नीट मिटत नाही. जीभ निम्म्या अंतरावरच पडते आणि किडा निसटतो. इथवर आलेला प्राणी पशुवैद्याच्या उपचाराने जगू शकतो, पण वाकलेले हाड सरळ होत नाही.

म्हणजे यूव्हीबी भरपूर द्यावा, हा निष्कर्ष सोपा वाटतो आणि तोच धोक्याचा आहे. उन्हातल्या या रसायनक्रियेत एक सोय आहे. कातडीत पूर्वरूप जास्त झाले की तेच किरण त्याचे लुमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. त्यामुळे उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. तोंडावाटे दिलेल्या ड-३ ला मात्र अशी झडप नाही. किड्यांवर रोज ड-३ ची भुकटी भुरभुरणाऱ्याच्या प्राण्यात कॅल्शियम मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत साठू लागतो. पण विषबाधा झाली नाही तरी ऊन भाजते, डोळे बिघडवते. झडप फक्त ड जीवनसत्त्वापुरती आहे.

आता ते मोजलेले उत्तर. अमेरिकेतल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर बरीच वर्षे काम केले. क्रिस्टोफर कार्स्टन, फर्ग्युसन आणि इतरांचा २००९ चा निबंध या शाखेत आलेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ज्या प्राण्यांच्या आहारात ड-३ कमी होते ते उन्हात जास्त बसले. ज्यांना आहारातून पुरेसे मिळत होते ते कमी बसले. शॅमेलिऑन आपल्या शरीरातली कमतरता कशी ओळखतो हा वेगळा विषय, पण तो ओळखतो आणि त्याप्रमाणे जागा बदलतो. स्क्युदेरी बाईंना हे वाचून समाधान वाटले असते.

माझ्या मते या साऱ्या क्षेत्राचा पाया इथे आहे. प्राण्याला किती ऊन हवे याचा हिशेब तो स्वतः करतो, आपल्यापेक्षा चांगला करतो. पण हिशेब करायला त्याला दोन टोके लागतात. सगळीकडे सारखाच उजेड असलेल्या पिंजऱ्यात, मग तो उजेड पुस्तकात लिहिल्याइतका अचूक का असेना, निवडायला काही उरतच नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे खरेच. पण त्या कुंपणाच्या आत फांदीगणिक हवा, ऊब आणि उजेड वेगळा करता येतो. सुरक्षित प्रकाशयोजना म्हणजे प्रखर उन्हाची एक जागा, पूर्ण सावलीची एक जागा आणि मधले सगळे टप्पे. दिवा विकत मिळतो. सावली आपल्याला उभारावी लागते, आणि नवा पाळणारा तिलाच विसरतो.

प्रखर म्हणजे किती? हवामानखाते उन्हाळ्यात जो यूव्ही निर्देशांक सांगते, तेच माप इथे वापरतात. हे माप १९९२ मध्ये कॅनडात माणसाची कातडी उन्हाने किती भाजते हे सांगायला निघाले. भाजवणाऱ्या लहरी आणि ड जीवनसत्त्व घडवणाऱ्या लहरी जवळपास एकाच पट्ट्यात येत असल्यामुळे ते सरपटणाऱ्या प्राण्यांनाही कामी येते. फर्ग्युसन यांच्या गटाने २०१० मध्ये जमैका आणि अमेरिकेतल्या १५ जातींच्या सापसरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती साधी होती: रानात प्राणी जिथे बसलेला दिसला, त्याच जागी मीटर धरायचा. आभाळात किती ऊन आहे यापेक्षा प्राण्याच्या अंगावर किती पडते आहे, ते मोजायचे. त्यातून उन्हाचे चार गट निघाले. छायेत दडून राहणाऱ्यांपासून भर उन्हात बसणाऱ्यांपर्यंत. वेल्समधल्या पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही वर्गवारी प्राणिसंग्रहालयांत पाळल्या जाणाऱ्या पुष्कळ जातींपर्यंत नेली. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी निर्देशांक ११-१२ असतो म्हणून पुण्यातला सरडा ११-१२ घेत नाही. त्या वेळी तो झुडपात शिरलेला असतो. त्याने घेतलेले ऊन सकाळचे, २-३ निर्देशांकाचे. पाळलेल्या वेल्ड (येमेनच्या) किंवा पँथर शॅमेलिऑनच्या सर्वांत वरच्या फांदीवर ३ च्या आसपास आकडा ठेवतात, तो याच विचाराने.

मोजायचे कसे ते एकदा जवळून पाहू. पिंजऱ्याच्या छतावर लांब टी-५ ट्यूब ठेवलेली आहे. सोलरमीटर ६.५ नावाचे हातात मावणारे यंत्र घ्यावे, त्याचे टोक ट्यूबकडे करावे आणि ते फांदीच्या पातळीवर न धरता प्राण्याच्या पाठीच्या पातळीवर, म्हणजे फांदीच्या चार बोटे वर धरावे. वेल्डच्या डोक्यावर उंच शिरटोप असतो, त्याच्यासाठी आणखी थोडे वर. आकडा वाचावा. मग यंत्र वीतभर खाली आणावे: आकडा झर्रकन उतरतो. ट्यूबच्या टोकाकडे न्यावे: आणखी उतरतो. मनीप्लांटच्या एका पानाआड धरले की जवळपास शून्य. छताची जाळी काढून पुन्हा मोजले तर कळते की जाळीनेच तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त अडवला होता. ट्यूबच्या खोक्यावर छापलेले ५.०, ६ टक्के किंवा १२ टक्के हे आकडे ट्यूबच्या प्रकाशात यूव्हीबीचा वाटा किती ते सांगतात. प्राण्याच्या पाठीवर काय पोचेल ते सांगत नाहीत. यंत्र महाग आहे, मान्य. चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावे. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी पुस्तकात ट्यूबप्रमाणे अंतरांचे तक्ते दिले आहेत, पण तक्ता म्हणजे दुसऱ्याच्या जाळीतून मोजलेला आकडा, एवढे ध्यानात असू द्यावे.

ट्यूब पेटते आहे म्हणजे यूव्हीबी येतो आहे, हाही एक भ्रम. दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी महिन्यागणिक ओसरत जातो. म्हणून ट्यूब साधारण वर्षाने बदलतात, हलक्या प्रतीची त्याआधीच. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ऊब असते, उजेड असतो, यूव्हीबी जवळजवळ नसतो. ट्यूबखाली काच किंवा साधे अॅक्रिलिक घातले तरी तेच. आणि गोल पिळाच्या लहान बल्बांबद्दल जुन्या पाळणाऱ्यांच्या मनात जी अढी आहे ती निराधार नाही: पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या काही बल्बांतून २९० नॅनोमीटरच्या खालच्या, सूर्यप्रकाशात नसणाऱ्या लहरी बाहेर पडत होत्या आणि प्राण्यांचे डोळे सुजत होते. त्यानंतर बल्ब सुधारले. तरी लांब ट्यूबचा प्रकाश पिंजऱ्याच्या रुंदीभर पसरतो, बल्बचा एका ठिपक्यावर पडतो. निवडीला वाव द्यायचा तर ट्यूबच बरी.

यूव्हीए हाडांच्या हिशेबात नसला तरी तो शॅमेलिऑनला दिसतो. म्युनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की अनेक जातींच्या डोक्यावरच्या हाडांचे बारीक उंचवटे पातळ कातडीतून अतिनील प्रकाशात निळे चमकतात. त्यांचे जग आपल्यापेक्षा एका रंगाने श्रीमंत आहे. साध्या पिवळ्या बल्बखाली आपण ते पुसून टाकतो. उजेड वाढवण्यासाठी, आणि झाडे जगवण्यासाठी, पांढऱ्या एलईडीची एक पट्टी जोडावी. घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण तो काही शे लक्स असतो. बाहेरचे भर ऊन एक लाख.

उष्णतेचा दिवा ट्यूबच्या शेजारीच हवा. पूर्वरूपाचे ड-३ होताना ऊब लागते, हे वर आलेच. सूर्यात ऊब आणि यूव्हीबी एकाच दिशेने येतात. प्राणी उबेला जातो आणि त्याला यूव्हीबी आपोआप मिळतो. ऊब एका कोपऱ्यात आणि यूव्हीबी दुसऱ्या कोपऱ्यात असा पिंजरा मी पाहिला आहे. बिचारा प्राणी उबेला बसून राहायचा, आणि मालक म्हणायचा की ट्यूब वाया गेली. वेल्ड आणि पँथरच्या उन्हाच्या फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरतात, बाकी पिंजऱ्यात २२ ते २६. पिल्लांना आणि जॅक्सनसारख्या डोंगरी जातींना त्याहून कमी. सकाळी गारठलेला शॅमेलिऑन गडद होतो आणि चपटे केलेले अंग दिव्याकडे करतो. ऊब भरली की रंग उजळतो आणि तो सरकतो. तापमापकाइतकीच ही खूण खरी. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पँथरच्या कातडीत ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांचे दोन थर दाखवले: वरचा थर रंग बदलतो, खालचा अवरक्त किरण परतवतो.

भाजण्याचे अपघात मात्र याच दिव्याने होतात. शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लटकतो आणि दिवा जाळीवर टेकलेला असेल तर पाठ, शिरटोप भाजेपर्यंत हलत नाही. भाजल्याचा डाग आधी हिरवट-काळा, मग पांढरा, मग खपली. त्यामुळे दिवा जाळीच्या निदान वीतभर वर टांगावा आणि पिंजऱ्याच्या आत तर कधीच लावू नये. कमी वॅटचा बल्ब आणि डिमर असला की फरक सावकाश साधता येतो. गरम दगड, गरम चटई हे प्रकार झाडावर राहणाऱ्या प्राण्यासाठी नाहीतच. रात्री लाल किंवा निळा दिवा लावण्याची पद्धत अजून टिकून आहे, ती जावी. रात्री अंधार हवा. बहुतेक घरांत रात्री वेगळ्या उबेची गरज नसते. उलट तापमान काही अंशांनी उतरणे या प्राण्याला मानवते. टायमरवर बारा तास दिवस, बारा तास रात्र.

निवाऱ्याविषयी बोलताना जाळी की काच हा वाद निघाल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतले पाळणारे जाळीच्या बाजूने, युरोपातले बरेच काचेच्या. मला हा वाद हवामानाचा वाटतो, तत्त्वाचा कमी. थंड देशात हिवाळ्यात घर तापवलेले असते आणि हवा कोरडीठाक होते. तिथे जाळीत ओलावा टिकत नाही. टोरांटोत किंवा मिनीआपोलिसमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने जाळीच्या दोन-तीन बाजू प्लास्टिकच्या पत्र्याने झाकाव्यात, किंवा काचेचा असा पिंजरा घ्यावा ज्याला खाली समोर आणि वर छताला झरोके आहेत. दिव्याने तापलेली हवा वरून बाहेर पडते, खालून ताजी आत येते, धुराड्यातून धूर चढावा तशी. मुंबईत मात्र जाळीच. आणि काच कुठलीही असो, ती थेट उन्हात ठेवू नये. काही मिनिटांत आतला प्राणी दगावतो. आकाराबाबत तडजोड नको: पूर्ण वाढलेल्या वेल्ड किंवा पँथरसाठी ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच ही किमान मर्यादा समजावी. पिंजरा जमिनीवर ठेवू नये. सर्वांत वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर आली की प्राणी निश्चिंत होतो. एका पिंजऱ्यात एकच. दुसरा शॅमेलिऑन दिसतही नसावा, काचेतले स्वतःचे प्रतिबिंबसुद्धा.

फांद्या पंजात मावतील अशा वेगवेगळ्या जाडीच्या, आडव्या आणि तिरक्या. झाडे खरी: मनीप्लांट, शेफ्लेरा, फायकस, जास्वंद. वेल्ड पाने खातो, म्हणून रोपवाटिकेतून आणलेले झाड धुऊन, कीटकनाशकाचा अंश जाईपर्यंत बाहेर ठेवून मगच आत. झाडांची दाटी पिंजऱ्याच्या मधल्या भागात अशी हवी की प्राणी मागे गेला तर आपल्याला दिसू नये. 'मग दिसणार कसा?' असे लोक विचारतात. लपता येते असे कळले की तो बाहेर येतो. तळाला माती किंवा भुसा न घालता पाणी निथळेल अशी सोय करावी. अपवाद मादीचा. वेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, आणि घालायला जागा नसली तर ती अंगातच अडून मरते. तिच्यासाठी ओलसर वाळूचा, वीतभर खोल डबा कायम ठेवावा. तिला सतत गरम ठेवले आणि पोटभर खायला घातले तर एका वेळी अंड्यांची संख्या भलतीच वाढते. उन्हाच्या फांदीचे तापमान दोन-तीन अंश उतरवणे आणि खाणे मोजून देणे, हा तिच्या आयुष्याचा विमा आहे. जॅक्सनची मादी पिल्लांनाच जन्म देते, तिला डबा लागत नाही.

पाण्याचा प्रश्न उजेडाशी जोडलेला आहे. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही. पानावरचे थेंब चाटतो. पूर्वी दिवसातून अनेकदा फवारणी करत. अलीकडे चेक अभ्यासक पेत्र नेचास यांच्यासारख्यांनी मूळ प्रदेशातल्या हवेकडे लक्ष वेधले: रात्री गार हवेत दव आणि धुके, दिवसा कोरडे ऊन. म्हणून आता धुके पहाटे, फवारा दिवे लागण्याआधी, दिवसा हवे तर थेंब टाकणारा ड्रिपर. अट एकच, रात्र गार हवी. गरम, ओली, कोंडलेली हवा म्हणजे फुफ्फुसाच्या संसर्गाला निमंत्रण. दिव्याभोवती धुके सोडणारे पिंजरे फोटोत देखणे दिसतात. ते दिवसा पाहिले की मला धास्ती वाटते.

ओल आणि वीज एकत्र आली की माणसालाही धोका. पिंजऱ्याच्या वीजजोडणीला अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवे, होल्डर चिनी मातीचे, आणि प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली लोंबून वर चढलेली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडेल.

वेल्ड येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, पँथर मादागास्करच्या उत्तर-पूर्व किनाऱ्याचा, जॅक्सन केनिया-टांझानियाच्या डोंगरांतला. पहिले दोन सोसतात ते तिसऱ्याला सोसत नाही: त्याला रात्री १०-१५ अंशांचा गारवा लागतो, आणि मे महिन्यात मुंबईत पहाटेही सहसा २५ च्या खाली पारा उतरत नाही. वातानुकूलित खोली, इन्व्हर्टर आणि पावसाळ्यातली दमट हवा या तिन्हींचा बंदोबस्त करता येत नसेल तर तो विचार सोडावा.

आपल्याकडचा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, पाळण्याचा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. रस्त्यावर सापडलेला घरी आणून ठेवणेसुद्धा गुन्हा ठरतो, वनविभागाला कळवावे. परदेशी जातींचा व्यापार वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली येतो: जवळजवळ सगळ्या जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार भारतात असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. पिल्ले झाली किंवा प्राणी दुसऱ्याला दिला तरी कळवायचे असते. कागद दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याकडचा प्राणी बहुधा रानातून पकडलेला, जंतांनी भरलेला आणि सुकलेला असतो. तो घेणे कायद्यानेही चूक आणि व्यवहारानेही.

ज्यांच्याकडे अजून प्राणी नाही त्यांनी पुस्तकाचा तिसरा भाग आधी वाचावा. त्यात पिंजरा रिकामा चालवण्याची पद्धत दिली आहे. झाडे, फांद्या, दिवे, टायमर, फवारा सगळे बसवून दोन आठवडे प्राण्याविना चालू ठेवायचे आणि सकाळी, दुपारी, दिवे मालवल्यावर आणि पहाटे अशा चार वेळी वरची फांदी, मधली फांदी आणि तळ इथले तापमान व आर्द्रता वहीत लिहायची. एखाद्या दुपारी वीज जाते, एखाद्या रात्री फवारा बंदच होत नाही, वरच्या फांदीवरचा आकडा कागदावरच्यापेक्षा पाच अंश जास्त निघतो. हे सगळे त्या दोन आठवड्यांत होऊन जाऊ द्यावे. वहीतले आकडे सलग चार दिवस जागच्या जागी राहिले की मग पशुवैद्य शोधावा, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा, आणि त्याच्याशी बोलून झाल्यावर प्राणी.